पाखरू दाखवणारा

चेन्नईत राहणाऱ्याला अंदमान जवळ वाटतं. बोटीने साधारण तीन दिवस, विमानाने दोन-सव्वादोन तास. मराठी वाचकाच्या मनात मात्र अंदमान म्हटलं की आधी कोलू, कोठडी आणि काळं पाणी येतं. तिथलं सदाहरित जंगल आणि त्या जंगलातली पाखरं मागून येतात, आली तर. मी अड्यारमध्ये राहते, तमिळमधून मराठीत अनुवाद करते आणि सुट्टीच्या सकाळी इथल्या पक्षी पाहणाऱ्या मंडळींबरोबर हिंडते. या मंडळींतलं कुणी ना कुणी हिवाळ्यात अंदमानला जाऊन येतं आणि येताना यादी घेऊन येतं. अंदमानी सुतार, अंदमानी भारद्वाज, अंदमानी सर्पगरुड, चिडिया टापूच्या रस्त्यावर रात्री विजेरीच्या उजेडात दिसलेली घुबडं. जगात दुसरीकडे सहसा न सापडणारे हे पक्षी चार दिवसांत पाहून होतात, कारण बरोबर दाखवणारा असतो. कोणत्या वळणावर थांबायचं, कोणत्या झाडाच्या कितव्या फांदीकडे बघायचं, आवाज आला की किती वेळ गप्प उभं राहायचं, हे सगळं त्याला ठाऊक असतं.

यादीत पक्ष्याचं नाव असतं, जागा असते, वेळ असते. दाखवणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा नसतं. अनुवादकाच्या डोळ्यांना हे रिकामं घर चटकन दिसतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर अनुवादकाचं नाव असावं की नसावं, हा वाद आमच्या व्यवसायात अजून चालूच आहे. दुसऱ्याला दिसावं म्हणून आपण बाजूला उभं राहायचं, हे काम दोघांचंही. म्हणून मद्रासच्या या किनाऱ्यापासून बंगालच्या उपसागरातल्या बेटांपर्यंत पक्ष्यांचं ज्ञान कसं जमत गेलं, याचा इतिहास मी त्या रिकाम्या घराकडे बघत वाचत आले आहे.

तमिळमध्ये वाटाड्याला ‘वळिकाट्टी’ म्हणतात. वळि म्हणजे वाट, काट्टी म्हणजे दाखवणारा. आणि टिटवीला म्हणतात ‘आट्काट्टी’. आळ् म्हणजे माणूस, माणूस दाखवणारी. माळावर कुणी शिरलं की ओरडून सगळ्या रानाला सांगणारी. माणसाला पाखरू दाखवणारा आणि पाखरांना माणूस दाखवणारी, दोघांच्या नावात क्रियापद एकच. एका मजकुरात ही आट्काट्टी आली तेव्हा मी मराठीत ‘टिटवी’ लिहिलं. दुसरा इलाज नव्हता. मराठी वाचकाला टिटवीचं अशुभ ओरडणं ऐकू येतं, समुद्राशी भांडणारी कथेतली टिटवी आठवते. दाखवण्याचा अर्थ मात्र पल्याडच राहतो. पक्ष्याच्या नावात त्याला बघणाऱ्यांचा अनुभव साठलेला असतो, आणि नाव बदललं की तो अनुभव सांडतो. पुढच्या इतिहासात हे पुन्हापुन्हा घडताना दिसतं.

*

जॉन रे या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाचा पक्षी आणि मासे यांवरचा लॅटिन ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७१३ साली, लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला मद्रासच्या पक्ष्यांची एक पुरवणी जोडलेली होती. अड्यारच्या उत्तरेला, समुद्राकाठी उभ्या असलेल्या सेंट जॉर्ज किल्ल्यात एडवर्ड बकली नावाचा कंपनीचा सर्जन होता. त्याने इथल्या पक्ष्यांची वर्णनं आणि चित्रं लंडनच्या जेम्स पेटिव्हर या औषधविक्रेत्याकडे पाठवली होती. पेटिव्हरला जगभरातून असल्या वस्तू गोळा करायचा नाद होता. भारतातल्या पक्ष्यांची युरोपात छापली गेलेली ही अगदी सुरुवातीची चित्रं.

किल्ल्यातला सर्जन रोज पाणथळीत उतरून बसत नव्हता. कोणता पक्षी खाडीच्या कोणत्या अंगाला येतो, तो कधी धरता येतो, हे त्याला सांगणारी माणसं तेलुगू नाहीतर तमिळ बोलणारी असणार. बकलीचं नाव राहिलं, पेटिव्हरचं राहिलं, रेचं तर राहिलंच. पाखरं धरून आणणाऱ्यांची नावं इतिहासात उतरली नाहीत.

शंभरेक वर्षांनी दख्खनमध्ये असंच काम झालं, पण त्यात एक फरक होता. मुंबई फौजेतला अधिकारी विल्यम हेन्री साईक्स याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली आणि तिच्यात जागोजागी मराठी नावंही दिली. आपल्या साध्या घारीला त्याने लॅटिन नाव दिलं त्यात ‘गोविंदा’ हा शब्द आहे, आणि तो आजही शास्त्रीय नावात टिकून आहे. अड्यारच्या मासळीबाजारावर घिरट्या घालणारी, तमिळमध्ये ‘परुंदु’ म्हणवली जाणारी घार शास्त्राच्या वहीत अशी दख्खनी नाव घेऊन उडते. मराठी बोलणाऱ्यांचा एक शब्द त्यात मुरलेला आहे, मात्र बोलणारा कोण होता ते त्यावरून कळत नाही.

साईक्सनंतर टॉमस जर्डन. हाही सर्जन, मद्रास फौजेतला. १८३६ साली तो भारतात आला. त्याची पलटण दख्खनमध्ये जालन्याला होती, पुढे तो पूर्व घाटात, नेल्लूरला आणि निलगिरीत हिंडला. दक्षिणेतल्या पक्ष्यांची त्याची सूची १८३९ पासून मद्रासच्या एका विद्वत्पत्रिकेत क्रमाने छापली गेली. नंतर पन्नास चित्रांचं पुस्तक आलं, त्यातली चित्रं देशी चित्रकारांनी काढलेली. आणि १८६२ ते १८६४ या काळात भारतातल्या पक्ष्यांवरचा त्याचा मोठा ग्रंथ निघाला. जर्डनची एक सवय मला फार मोलाची वाटते. इंग्रजी आणि लॅटिन नावांखाली तो हिंदी, तेलुगू, तमिळ अशी मिळतील ती नावं देतो. लिपी रोमन आहे, उच्चार कधी वेडेवाकडे आहेत. पण कान देऊन ऐकलेलं आहे हे कळतं.

पूर्व घाटाच्या झुडपी रानात त्याला एक निशाचर धाविक मिळाला. कलकत्त्याच्या एडवर्ड ब्लाइथने १८४८ साली या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि इंग्रजीत तो ‘जर्डनचा धाविक’ झाला. खुद्द जर्डनने मात्र त्याचं तेलुगू नाव टिपून ठेवलं होतं: ‘अडव-उत्त-तित्ति’. अडवी म्हणजे रान, उत्त म्हणजे रिकामी, तित्ति म्हणजे कातडी पिशवी. रानातली रिकामी पिशवी. त्यातला ‘तित्ति’ आपल्या टिटवीच्या आवाजाशीही नातं सांगतो असं मला वाटतं.

१९०० नंतर हा पक्षी दिसेनासा झाला. शोध घेणाऱ्यांनी शोधला आणि तो नामशेष झाला असावा असं धरून चालले. १९८० च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भरत भूषण आंध्रच्या कडप्पा जिल्ह्यात गेले, तेव्हा त्यांनी दुर्बिणीच्या आधी माणसांकडे मोर्चा वळवला. पाखरं धरून पोट भरणाऱ्यांना चित्र दाखवून विचारलं. त्यांच्यासाठी पक्षी हरवलेलाच नव्हता. करवंदाच्या जातीच्या झुडपांवरून त्याला त्यांचं नाव होतं, ‘कलिवि कोडि’. जानेवारी १९८६ मध्ये रेड्डीपल्ली गावाजवळ ऐतन्ना नावाच्या पाखरं धरणाऱ्याने रात्री विजेरीच्या उजेडात तो पकडला. ऐंशीवर वर्षं शास्त्राला न दिसलेला पक्षी ज्याने दाखवला, त्याचं नाव या वेळी निदान सांगितलं गेलं. पुढे त्या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पक्ष्याचं इंग्रजी नाव मात्र अजून जर्डनचंच आहे.

*

अड्यारला पक्षी पाहणं आलं ते वेगळ्या वाटेने. १८८२ साली थिऑसॉफिकल सोसायटीने नदीच्या दक्षिण काठावरची हडलस्टन गार्डन्स ही सत्तावीस एकरांची जागा घेतली आणि तिथे आपलं मुख्यालय आणलं. पुढे ती वाढत अडीचशे एकरांच्या वर गेली. अवाढव्य शहराच्या पोटात, नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, एवढं रान राहिलं ते या अपघाताने. तिथल्या प्रसिद्ध वडाचा मूळ बुंधा १९८९ च्या वादळात पडला, पण पारंब्यांचं जंगल उभं आहे. रस्त्यावरच्या बसचा गोंगाट आत शिरता शिरता विरतो आणि भारद्वाजाचा घुमारा ऐकू येऊ लागतो. तमिळमध्ये त्याला ‘शेण्बगम्’ म्हणतात. एका पिवळ्या सुवासिक फुलाचंही नाव तेच. आपण त्याला ऋषीचं नाव दिलं, तमिळने फुलाचं.

या शहराला पक्ष्यांविषयी लिहिणारेही मिळाले. एम. कृष्णन् (१९१२ ते १९९६) मैलापुरात राहत. कादंबरीकार माधवय्या यांचे हे चिरंजीव. कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’मध्ये १९५० पासून मरेपर्यंत त्यांनी निसर्गावरचं सदर चालवलं, आणि तमिळमध्येही लिहिलं. दूरच्या जंगलाइतकंच ते घरामागच्या झाडाविषयी लिहीत. १९७८ साली मद्रास नॅचरलिस्ट्स सोसायटी स्थापन झाली. महिन्याच्या फेऱ्या, नोंदवह्या, ‘ब्लॅकबक’ नावाचं नियतकालिक. जिथे शंभर वर्षांपूर्वी बंदूक होती तिथे आता दुर्बीण आली होती, आणि पाखरं मारून आणणाऱ्या शिकाऱ्याच्या जागी पुढे चालत मागच्यांना हळू आवाजात सांगणारा जाणता. या बदलाचं मोल मोठं आहे. पक्षी जिवंत राहिला, आणि ज्ञान वाटून घ्यायची रीत पडली. पण दाखवणारा आणि बघणारा आता एकाच वर्गातले झाले. दोघेही इंग्रजी पुस्तक वाचणारे. ज्यांना ती पुस्तकं वाचता येत नव्हती त्यांच्याकडे विचारायला जायची गरज कमी झाली.

ती गरज संपलेली नाही, हे मुखाशी गेलं की कळतं. नदीच्या तोंडाजवळ ऊरूर ओल्कॉट कुप्पम ही मासेमाऱ्यांची वस्ती आहे. एका सकाळी आम्ही वाळूवर उभे राहून सुरय पक्ष्यांच्या जाती ओळखत होतो. चोच काळी की पिवळी, डोक्यावर तुरा आहे की नाही, अशी चर्चा चालू होती. बाजूला जाळं झाडत बसलेल्या म्हाताऱ्याने हात वर केला आणि म्हणाला, ‘‘आला, आला.’’ माझ्या मराठी कानाला वाटलं, कोण आला? सुरय पक्ष्याला तमिळमध्ये ‘आला’च म्हणतात. तो आम्हाला पक्षी दाखवत नव्हता, पक्षी त्याला काय दाखवतात ते सांगत होता. थवा जिथे पाण्यावर सूर मारतो आहे तिथे खाली मासळीचा घोळका आहे. आमच्या यादीत त्या दिवशी सुरयच्या तीन जाती गेल्या. त्याच्या यादीत एकच नाव होतं, आणि त्या नावाखाली वारा, पाणी आणि मासळी होती.

जवळच खाडीच्या काठी अठ्ठावन्न एकरांचं अड्यार पूंगा आहे. कचरा आणि भराव यांखाली गेलेली पाणथळ पुन्हा जिवंत करून २०११ साली ते उघडलं आणि त्याला नाव दिलं तोल्काप्पियर पूंगा. पाखरांच्या बागेला व्याकरणकाराचं नाव! पण ते शोभतं. तोल्काप्पियम् या प्राचीन ग्रंथात काव्यातल्या प्रत्येक भूप्रदेशाचं स्वतःचं दैवत, अन्न, झाड, पशू, वाद्य आणि पक्षी मानलेला आहे. प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या पिलांना कोणते शब्द वापरायचे याचाही तिथे विचार आहे. कोणत्या रानात कोणतं पाखरू, हे कवीला माहीत नसेल तर त्याची कविताच चुकते, अशी ती दृष्टी. पक्ष्याचं नाव, त्याची जागा आणि त्याला बघणारा माणूस यांना तिथे वेगळं काढता येत नाही.

*

आता बेटांकडे. विषुववृत्ताजवळच्या बेटांवरच्या पावसाळी जंगलात वाटाड्यावाचून पक्षी दिसणं आणखी कठीण. झाडं शंभर-दीडशे फूट उंच, वरचं छत घट्ट, खाली अंधार. पाखरू ऐकू येतं, दिसत नाही. आल्फ्रेड रसेल वॉलेस मलय द्वीपसमूहात आठ वर्षं हिंडला आणि आठ हजारांवर पक्ष्यांचे नमुने घेऊन इंग्लंडला परतला. त्याच्याबरोबर अली नावाचा मलय मुलगा होता. १८५५ साली सारावाकमध्ये तो स्वयंपाकाला म्हणून लागला आणि थोड्याच काळात नेमबाजी, कातडी सोलणं, होडी हाकणं, लोकांशी बोलणं या सगळ्यांत वॉलेसचा उजवा हात झाला. नमुन्यांतला मोठा वाटा त्यानेच आणलेला. १८५८ साली बाचान बेटावर तो कमरेला पाखरं लटकवून जंगलातून परतला आणि त्यातलं एक नवलाचं पाखरू त्याने वॉलेसपुढे धरलं. हिरवी चमकदार छाती आणि खांद्यांतून निघालेले लांब पांढरे पिसारे. स्वर्गीय पक्ष्यांतली ती अगदी नवी जात होती. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रेने १८५९ साली तिला शास्त्रीय नाव दिलं आणि त्यात वॉलेसचं नाव गुंफलं.

वॉलेस कृतघ्न नव्हता. पुस्तकात त्याने अलीचं नाव वारंवार घेतलं, १८६२ साली सिंगापुरात निरोप घेताना त्याचा फोटो काढवून घेतला आणि म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात तो छापला. १९०७ साली टॉमस बार्बर हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ तेर्नाते बेटावर असताना एक वृद्ध मलय माणूस त्याला भेटायला आला आणि त्याने स्वतःची ओळख ‘अली वॉलेस’ अशी करून दिली. ही हकिगत वाचून मी बराच वेळ थांबले होते. पक्ष्याला वॉलेसचं नाव मिळालं, आणि पक्षी आणून देणाऱ्यानेही तेच नाव लावलं. त्या माणसाला त्यात अभिमान होता, यात शंका नाही. तरी वाट दोन्हीकडून एकाच नावाकडे गेली.

अंदमानची गोष्ट याहून कठीण आहे. १८५८ साली इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत वसवली तेव्हा ग्रेट अंदमानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दहा जमातींची लोकसंख्या काही हजार होती. जंगलाची खडा न् खडा माहिती असलेल्या या लोकांना इंग्रजांनी वाटाडे केलं ते पळालेले कैदी शोधून आणायला. काळ्या पाण्याच्या आपल्याकडच्या आठवणींत हे फारसं येत नाही. कैदी आणि बेटवासी, दोघेही एकाच सत्तेच्या दावणीला होते, आणि एकाला दुसऱ्याच्या मागावर सोडलेलं होतं. गोवर, उपदंश यांसारख्या बाहेरून आलेल्या रोगांनी ते लोक भराभर मेले. १९६१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी उरले एकोणीस.

याच काळात पक्ष्यांच्या याद्या मात्र भरत होत्या. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, जो पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला माहीत झाला, १८७३ साली कलकत्त्याहून जहाजाने उपसागरातल्या बेटांवर गेला आणि परतल्यावर आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या पत्रिकेत बेटांच्या पक्ष्यांवर सविस्तर लिहिलं. नार्कोंडम या छोट्या ज्वालामुखी बेटावरच्या धनेशाचं वर्णन त्याचंच. हा धनेश जगात फक्त त्या एका बेटावर आहे. एकेक पक्षी नोंदला जात होता, आणि त्या बेटांवर पिढ्यान् पिढ्या पक्ष्यांना हाका मारणारी माणसं संपत होती.

२००५ च्या सुमारास दिल्लीच्या भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी उरलेल्या ग्रेट अंदमानी भाषकांबरोबर काम सुरू केलं. त्सुनामीने उठवलेली ही माणसं तेव्हा पोर्ट ब्लेअरच्या निवाऱ्यात होती. मुलं हिंदी बोलत होती. मोठ्यांपैकी थोड्यांनाच भाषा आठवत होती, तीही अनेक बोलींची सरमिसळ होऊन. त्यांत नाओ ज्युनियर होते. पक्ष्यांच्या नावांचा मोठा साठा अब्बींना त्यांच्याकडून मिळाला. आणि बो भाषा बोलणाऱ्या शेवटच्या बोआ सीनियर होत्या. बोलायला स्वतःच्या भाषेचं कुणी उरलं नाही तेव्हा त्या पाखरांशी बोलत, पाखरांना आपली भाषा कळते असं म्हणत. नाओ ज्युनियर २००९ साली गेले, बोआ सीनियर २६ जानेवारी २०१० रोजी.

नाव कोणत्या पक्ष्याचं, हे ठरवायला भाषाशास्त्र पुरेसं नव्हतं. तिथे पुण्याच्या इला फाउंडेशनचे पक्षितज्ज्ञ डॉ. सतीश पांडे यांचं साहाय्य झालं. भाषाशास्त्रज्ञाने शब्द ऐकायचा, पक्षितज्ज्ञाने जात पटवायची, आणि सांगणाऱ्याने मान हलवायची किंवा नकार द्यायचा. या तिघांच्या मेळातून २०११ साली ग्रेट अंदमानींच्या पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. त्यात नावं आहेत, वर्गीकरण आहे, समजुती आहेत. अब्बींनी टिपलेल्या कथांत जिरो मिठे याची एक कथा आहे. त्याला एक मोठा मासा गिळतो, लोक त्याला शोधायला जातात, आणि त्या साऱ्या घडामोडीतून माणसांचे पक्षी होतात. पक्षी हे पूर्वज, अशी त्या लोकांची धारणा. तोल्काप्पियम् पक्ष्याला भूप्रदेशाशी जोडतं, ही कथा त्याला थेट रक्ताच्या नात्यात आणून बसवते. आमच्या ‘अंदमानी अमुक, अंदमानी तमुक’ या नावांत बेटाचं नाव आहे, पण बेटावरच्या माणसांनी दिलेला शब्द नाही.

हे पुस्तक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी आधी आनंदले आणि मग अस्वस्थ झाले. आनंद या गोष्टीचा, की इथे सांगणाऱ्यांची नावं आहेत. कोणता शब्द कुणाच्या तोंडून आला याची पर्वा केलेली आहे. अस्वस्थता ही, की ही पर्वा भाषा मरायला टेकल्यावर केली गेली. बकलीच्या काळी कुणी विचारलं असतं, ह्यूमच्या काळी कुणी विचारलं असतं, तर सांगणारे हजारोंनी होते.

*

आज अंदमानात पक्षी दाखवणारे आहेत ते वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊन बेटकरी झालेल्यांचे वंशज. बंगाली, तमिळ, तेलुगू, छोटा नागपूरहून मजुरीला आलेले, आणि १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून जंगलकामासाठी आणलेले करेन. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेने १९९० च्या सुमारास दक्षिण अंदमानात वांडूरला संशोधन केंद्र काढलं, तेव्हापासून तिथल्या शास्त्रज्ञांचा भरवसा करेन सहकाऱ्यांच्या जंगल-ज्ञानावर राहिला आहे. आपसात ही सगळी माणसं हिंदी बोलतात. चिडिया टापू हे नावही हिंदी. पाहुण्याला मात्र इंग्रजी नावं लागतात, कारण त्याचं पुस्तक इंग्रजी आहे. म्हणून दाखवणारा इंग्रजी नाव पाठ करतो आणि फांदीकडे बोट करून तेच उच्चारतो. घरात त्या पक्ष्याला तो काय म्हणतो, हे क्वचितच कुणी विचारतं. करेन भाषेतलं, सादरीतलं किंवा बेटावरच्या हिंदीतलं एखादं नाव तिथे तयार होत असेल, रुळत असेल. ते आज विचारता येण्यासारखं आहे.

मराठीला हे काम नवं नाही. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत उभं आयुष्य काढलं आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. त्यातला मोठा ऐवज पुस्तकांतून आलेला नाही. गोंड, कोरकू, पारधी, ढीवर यांच्यासारख्या रानात आणि पाण्यावर जगणाऱ्या लोकांच्या बोलण्यातून तो आला. विदर्भातल्या नवेगावबांधच्या तळ्याकाठी माधवराव पाटील नावाचा जाणता गृहस्थ त्यांना भेटला, त्याने त्यांना जंगल शिकवलं, आणि चितमपल्लींनी आपल्या लेखनात त्याचं नाव आदराने घेतलं. नवेगाव म्हटलं की आज मराठी वाचकाला तळं आठवतं, सारस आठवतात, आणि माधवराव पाटीलही आठवतात. दाखवणाऱ्याचं नाव सांगितल्याने लेखकाचं काही उणं झालं नाही. उलट वाचकाला कळलं की हे शब्द कुणाच्या अंगणातून आले.

अंदमानच्या पक्ष्यांना मराठी नावं द्यायची वेळ आली तर इंग्रजीवरून ‘अंदमानी’ हे विशेषण लावून मोकळं होणं सोपं आहे. मीही वर तेच केलं आहे, कारण रूढ नाव तेच. पण नाओ ज्युनियर यांनी सांगितलेले शब्द आता छापील आहेत, देवनागरीत लिहिता येतील असे आहेत, आणि त्यांच्यापुढे सांगणाऱ्याचं नाव लिहायला एका ओळीची जागा पुरते.